तुमच्यात उपास नाहीत, मग करता काय?

आम्ही ख्रिस्ती. श्रावण लागला की सोसायटीतल्या मैत्रिणींचा प्रश्न ठरलेला: "तुमच्यात उपास नाहीत, सोवळं नाही, नवस नाही. मग देवासाठी करायचं तरी काय असतं?" पूर्वी मी "प्रार्थना, रविवारची उपासना" एवढं सांगून मोकळी व्हायचे. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

हाच प्रश्न बायबलात मीखाच्या पुस्तकात आहे. मीखा यहूदा या प्राचीन राज्यातल्या मोरेशेथ गावचा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. सहाव्या अध्यायात माणूस विचारतो, देवापुढे काय घेऊन येऊ? वर्षाची वासरं? हजारो मेंढे? तेलाच्या नद्या? पोटचा पहिला मुलगा? बोली चढतच जाते. उत्तर मात्र एवढंच: नीतीने वाग, आवडीने दया कर, देवासमोर नम्रपणे चाल. आणि लगेच पुढे मीखा बाजारात शिरतो, खोट्या तराजूवर आणि पिशवीतल्या खोट्या वजनांवर बोट ठेवतो. मापात पाप करणाऱ्याचे मेंढे देवाला नकोत.

नीती, दया, नम्रता हे वचन मला संडे स्कूलपासून पाठ. कळलं ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे. त्यावर मी धुण्याभांड्याच्या मावशींचे खाडे मांडायचे. दोनांच्या वर गेले की पैसे कापायचे. पगार तीन वर्षं तोच. नाताळात मात्र साडी, करंज्यांचा डबा, मुलाच्या वह्या, सगळं मनापासून. त्या पाया पडायला वाकल्या की मला भरून यायचं. एका रविवारी उपासनेत हा अध्याय वाचला जात होता आणि मी वजनांपाशी अडकले. माझी साडी म्हणजे मेंढा होता. खोटी वजनं कॅलेंडरवर होती.

पगार वाढवला, आठवड्याची सुट्टी ठरवली. त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना पगार चालू ठेवला. आमच्या चर्चमधल्या एका बाईंनी माझ्या दयेचं कौतुक केलं. पण माझ्या नवऱ्याला आजारपणात पगारी रजा मिळते, तिला आम्ही कधी दया म्हटलं नाही.

मग दया कुठली? मूळ हिब्रू शब्द 'हेसेद'. त्यात कीव नाही. नात्याने बांधलेल्यांनी एकमेकांना न सोडणं आहे. त्या दीड महिन्यात मी मावशींच्या घरी जाऊन बसायला लागले. त्या अकरा वर्षं माझ्या घरी येत होत्या आणि मला त्यांच्या घराचा रस्ता विचारावा लागला.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंकडे मी यासाठीच पुन्हा पुन्हा वळते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या. पुण्याजवळच्या केडगावला, आपल्या आश्रमात, त्यांना नुसतं अन्न नाही, हाताला कामही दिलं. याच सुमारास, १८९७ साली, पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. भुकेल्याला वाढणारी बाई सगळ्यांना आवडते, जाब विचारणारी नाही. आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलेल्या या बाईने अखेरची वर्षं बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी ते काम पुरं झालं होतं.

मला सगळ्यात जड गेली ती नम्रताच. पुढच्या नाताळात साडी पुढे केली, तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या ताई, औंदा मी माझ्या पसंतीची घेतली." मला लागलं. का लागलं, ते देवापुढे बसून बरेच दिवस शोधलं. मला त्यांचं वाकणं हवं होतं.

कॅलेंडर अजून तिथेच आहे. त्यावर सुट्ट्या आता मावशी स्वतः लिहितात, निळ्या पेनाने, आणि मला फक्त सांगतात.