भांडण आदल्या रात्रीचं

सुपाऱ्या सोलताना शेजारी कादंबरी उघडी ठेवायची ही माझी खोड. परवा पानावर सालीचा डाग पडला, नेमका माधवराव रमाबाईंवर उखडतात तिथे. आमचं श्रीवर्धन भट-पेशव्यांचं मूळ गाव, त्यामुळे त्यांची भांडणं आम्हाला शेजारच्या घरातली वाटतात!

१७६१. जानेवारीत पानिपतावर माधवरावांचा थोरला भाऊ गेला, जूनमध्ये वडील. सोळाव्या वर्षी पेशवाई, आणि घरातच काका टपलेला. असा मुलगा बायकोशी मऊ कसा बोलणार? पण बऱ्याच ऐतिहासिक प्रेमकथांत असली जखम एका पावसाळी रात्रीत भरते. नायिका रडते, नायक विरघळतो. छे!

माझे बाबा मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. परतीच्या एसटीवर त्यांना सोडायला मी कधी गेले नाही, माजघरात भाताच्या कणगीमागे बसून राहायचे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हे कामाला पनवेलला निघाले की आदल्या रात्री मी अजूनही भांडण काढते. मिठावरून, चार्जरवरून. हे मुकाट्याने बॅग भरतात, आणि एसटीत बसले की फोन करतात, "कणगीमागून बाहेर ये गं आता."