तांब्याचा मोह

रविवारी दुपारी घर झोपलं की मी बाल्कनीतलं पोतं उपसतो. बंद पडलेला मिक्सर, दोन चार्जर, गळका नळ, जुन्या टीव्हीचा स्टॅबिलायझर. जवळ स्क्रू ड्रायव्हर, कानस आणि फुटक्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक. काय खोलायचं आणि काय तसंच भंगारात द्यायचं, हे ठरवण्यात दोन तास कसे जातात कळत नाही.

पहिली परीक्षा चुंबकाची. चिकटलं की लोखंड, पुढे डोकं चालवायचं नाही. नाही चिकटलं तर मात्र गंमत सुरू. नळ वरून चांदीसारखा चकचकीत. कडेला कानशीचे दोन हात मारले की आतून पिवळं पितळ डोकावतं. त्या क्षणाचा आनंद नळाच्या भावात मोजता येत नाही. फक्त आतला लोखंडी स्क्रू आधी काढायचा, नाहीतर भंगारवाला तेवढ्यावरून भाव पाडतो.

स्टॅबिलायझरने मात्र मला पुरतं फसवलं. उचलताना हात खाली गेला, म्हणजे आत भरपूर तांबं, असा माझा हिशेब. चारपैकी एका स्क्रूची खाच गुळगुळीत झालेली. तो छिन्नीने उडवला. ट्रान्सफॉर्मरच्या ई आकाराच्या पत्र्या वार्निशने एकमेकींना अशा बिलगलेल्या, की त्या सुट्या करताना नखाचा टवका गेला. अखेर गुंडाळी हाती आली. तांबूस, देखणी. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरीफट्ट! ॲल्युमिनियम, म्हणजे आपलं जर्मन. तांबूस होतं ते वरचं इनॅमल आणि जड होत्या त्या लोखंडी पत्र्या. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, हे शाळेत शिकलो होतो. पण मोह झाला की शाळा आठवत नाही.

भंगारवाल्याने ती गुंडाळी नुसती तळहातावर झेलली. "जर्मन आहे काका. झाकण काढल्यावर आधी एक तार खरवडायची, मग खोलत बसायचं."

काही वस्तूंच्या वाटेला मी जातच नाही. मायक्रोवेव्हचा प्लग काढला तरी आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असू शकतो. जुन्या टीव्हीच्या नळीच्या काचेत शिसं असतं. फुगलेल्या मोबाइल बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते. वायर जाळून तांबं काढणं तर निव्वळ मूर्खपणा: धूर आपल्या छातीत, आणि काळवंडलेल्या तांब्याला भाव कमी. मोबाइलच्या सर्किटमध्ये सोनं असतं खरं, पण इतकं थोडं, की त्यापायी ॲसिडशी खेळणाऱ्यांची कीवच येते. हा सगळा ऐवज मी वेगळ्या खोक्यात ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देतो.

त्या रविवारी सगळ्याचं वजन झालं. पितळ वेगळं, जर्मन वेगळं, लोखंडाचा ढीग वेगळा. पैसे घेतले, मेहनतीचा हिशेब केला नाही. गाडा कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं, माझं चुंबक कुठे दिसत नाही. धावत गेलो. ते लोखंडाच्या ढिगात, मिक्सरच्या पट्टीला घट्ट धरून बसलं होतं. भंगारवाल्याने ओढून काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे लोखंडात तोललं होतं. पाच रुपये परत द्या."