लॉनवरचे काळे ढिगारे

सांगली-हरिपूर रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या लॉनची देखभाल माझ्याकडे आहे. लॉन मीच लावून दिलेले असल्यामुळे त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक होते. वर सहा इंच तांबडी माती आणि शेणखत, तर खाली नदीकाठची मूळ काळी जमीन. त्यामुळे ऐन जानेवारीत मालकांचा फोन आला आणि लॉनवर रोज सकाळी मातीचे ढीग दिसतात असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी सर्वांत आधी मातीचा रंग विचारला. ढीग काळे होते आणि काही तर अर्धे घमेले भरेल एवढे होते. उकरणारा प्राणी सहा इंचांच्या खाली राहत होता आणि अंगापिंडाने चांगला थोराड होता, एवढे फोनवरच कळले.

मी पोहोचलो तेव्हा निदान आणि औषध दोन्ही आधीच ठरलेले होते. मालकांचे चिरंजीव इंग्लंडहून सुटीवर आले होते. तिकडे त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर मोल हा प्राणी नेमके असेच ढीग करतो, म्हणून वडिलांनी पाठवलेले फोटो पाहून त्यांनी बॅगेतून कात्रीसारख्या जबड्याचा लोखंडी सापळा आणि जमिनीत रोवायच्या, बॅटरीवर थरथरणाऱ्या खुंट्या आणल्या होत्या. मोल एरंडेल तेलाच्या वासाने पळतो असे त्यांनी कुठेतरी वाचले होते, म्हणून माळीमामांनी बाटलीभर एरंडेल पाण्यात कालवून गवतावर शिंपडलेही होते. ढीग मात्र वाढतच होते.

फोटोवरून असे वाटावे यात नवल नाही. मोल जमिनीखाली जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचे बोळ खणतो आणि निघालेली माती उभ्या भोकातून वर ढकलतो. तिचा शंकूच्या आकाराचा ढीग भोकाच्या डोक्यावरच बसतो आणि भोक दिसत नाही. परंतु मोल मुख्यतः गांडुळे आणि किड्यांच्या अळ्या खातो, झाडाच्या मुळांना तोंड लावत नाही. शिवाय भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगराळ भागात आढळतो, कृष्णाकाठी नाही. आपल्याकडे त्याची दूरची नातलग म्हणावी अशी चिचुंद्री आहे. ती बिचारी झुरळे आणि किडे टिपत भिंतीच्या कडेने फिरते, असले ढीग घालणे तिच्या आवाक्यातले नाही.

चिरंजीवांना हे तोंडी पटवण्यापेक्षा एक ढीग हाताने बाजूला सारून दाखवणे मला सोपे वाटले. माती भुसभुशीत नव्हती. सुपारीएवढ्या ओलसर गोळ्यांची ती रास होती आणि ती भोकाच्या एका बाजूला कललेली होती. भोक आतून ताज्या मातीने घट्ट लिंपलेले होते. बूच काढल्यावर माझी मूठ सहज आत गेली. शेजारच्या वाफ्यातली कर्दळ एका अंगाने कलली होती. ती ओढली तर कंदाशिवायच हातात आली आणि तळाशी दातांच्या जोडखुणा स्पष्ट दिसल्या. कंद खाणारा आणि बिळाला आतून बूच मारणारा हा प्राणी म्हणजे घूस, हे माळीमामांनी माझ्याआधी ओळखले होते, फक्त साहेबांपुढे बोलायचे कसे म्हणून ते गप्प होते.

घूस आली कुठून याचे उत्तर कुंपणापलीकडे होते. तिथला उसाचा फड नुकताच तुटला होता, टोळी पुढच्या शिवारात गेली होती आणि रानात नुसते पाचट पसरलेले होते. उसाच्या बुडख्याशी कुरतडत वर्षभर सुखाने राहिलेल्या घुशींचा आडोसा आणि अन्न तोडणीबरोबर एकदमच जाते, आणि मग जवळात जवळची ओलसर, मऊ, रोज पाणी मिळणारी जमीन त्या गाठतात. साखरपट्ट्यात बाग राखणाऱ्याने कॅलेंडरवर तोडणीचा महिना लिहून ठेवावा, असे माझे मत त्या दिवसानंतर अधिकच पक्के झाले आहे.

संध्याकाळी सगळे ढीग पावड्याने सपाट करून ठेवले. ज्या बिळात घूस असते तिथे रातोरात ताजी माती येते, बाकीची बिळे रिकामी असतात. सकाळी कुंपणाजवळच्या दोन जागांवर नवी माती दिसली. शेजारच्या गृहस्थांनी बिळात धुरीच्या गोळ्या टाकण्याचा आग्रह धरला, तो मी साफ नाकारला. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून ओलाव्याने विषारी वायू सुटतो, आणि यातले एक बीळ बंगल्याच्या जोत्याकडे वळलेले दिसत होते. तो वायू फरशीच्या फटीतून स्वयंपाकघरात शिरला असता तर अनर्थ झाला असता. घरात कुत्रा असल्यामुळे झिंक फॉस्फाइडचे आमिषही बाद झाले. त्यातही, विषाची चव घेऊन वाचलेली घूस ते आमिष पुन्हा खात नाही, म्हणून शेतकरी आधी काही दिवस बिनविषारी धान्य खायला घालून तिला सवय लावतात. लॉनवर एवढा खटाटोप परवडत नाही.

शेवटी खणायचेच ठरले. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते, म्हणून दोन्ही गड्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे घालायला लावले. हरळीचे चौकोनी तुकडे कापून गोणपाटावर रांगेने ठेवले आणि बोळाच्या मागाने दोन फूट खाली गेलो. तिथे जे दिसले ते पाहून चिरंजीव खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. हरिपूरला पूर्वी जमिनीखाली हळद साठवायची पेवे असत, तसेच एक पेव तिथे होते. गव्हाच्या लोंब्या देठासकट एका दिशेने रचलेल्या, खाली भुईमुगाच्या शेंगा, उसाच्या कांड्यांचे तुकडे, आणि कर्दळीचे तेच कंद. ओंजळी भरभरून काढले तरी संपेना. बागेत गव्हाचे एक रोपही नव्हते, म्हणजे तिने रस्त्यापलीकडच्या रानातून फेऱ्या केल्या असल्या पाहिजेत. पलीकडच्या कप्प्यात सुके गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्यांचे घरटे होते आणि त्यातून गुरगुरण्याचा आवाज येत होता. पाठीवरचे राठ केस ताठ उभारून घूस बाहेर झेपावली, ती थेट तोंडाशी धरलेल्या पोत्यातच गेली. गड्यांनी तिचा तिथेच निकाल लावला.

जोत्याकडच्या बिळात खणणे धोक्याचे होते. तिथे भिंतीला लागून पिंजरा ठेवला आणि सुक्या बोंबलाचा तुकडा लावला. भज्यापेक्षा बोंबील चांगला, हा माझा अनुभव आहे. दुसरी घूस त्यात सापडली. बोळांत मुरूम ठासला, कुंपणाच्या पायाशी दोन फूट खोल चर मारून जाळी पुरली आणि तिचे खालचे टोक फडाच्या बाजूला वळवले. शेजारच्या शेतकऱ्यालाही भेटलो. त्याचा कुंपणालगतचा बांध पुरुषभर रुंद आणि गवताने माजलेला होता. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी देण्यापूर्वी तो छाटून अरुंद करायला तो राजी झाला, कारण त्याचेही नुकसान होतच होते.

हरळीचे तुकडे त्याच क्रमाने परत बसवले, सांध्यांत वाळू आणि चाळलेले शेणखत भरले आणि वरून रोलर फिरवला. काळी माती जिथे वर राहिली होती तिथले गवत आधी हिरवे झाले, त्यामुळे बोळांची नागमोडी वाट काही आठवडे लॉनवर उमटून दिसत होती. चिरंजीवांनी तिचा फोटो काढून घेतला. सापळाही ते परत घेऊन गेले, कारण त्यांच्या तिकडच्या हिरवळीवरचे मोल खरे आहेत.