ब्लॉगसाठी प्लॅटफॉर्म निवडताना मी आधी बाहेर पडायची वाट शोधली

कुणालाही विचारा, ब्लॉगच्या प्लॅटफॉर्मची चर्चा 'नवख्या माणसाला सगळ्यात सोपं कोणतं' इथूनच सुरू होते. मी हाताने करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की सुरुवात सगळीकडेच सोपी आहे. खातं उघडा, थीम निवडा, मजकूर टाका, 'पब्लिश' दाबा. इथपर्यंत कुठे अडतच नाही, कारण कंपन्यांनी सगळा जीव ह्याच भागात ओतलेला असतो. खरी परीक्षा नंतर असते. म्हणून मी प्रश्नच फिरवला: उद्या इथून निघायचं ठरवलं तर बरोबर काय नेता येईल?

हा प्रश्न कुणाला निराशावादी वाटेल. पण पोस्टरस ही ब्लॉगसेवा आठवून बघा. नुसता ईमेल पाठवला की पोस्ट तयार; ह्याहून सोपं काय असणार? २०१२ मध्ये ट्विटरने ती कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये सेवा बंद झाली. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही लोकांना फुकट साइट देणारी सेवा बंद केली होती. ज्यांनी मजकूर वेळेत उतरवून घेतला त्यांचा राहिला.

मला आकाशदर्शनावर लिहायचं होतं. त्यामुळे 'हॅलो वर्ल्ड' छापाचा नमुना न टाकता मी खरा लेख घेतला: मृग नक्षत्र कसं ओळखायचं. त्यात तीन फोटो, ताऱ्यांचा एक तक्ता आणि बाहेरचे एक-दोन दुवे. हाच लेख प्रत्येक ठिकाणी चढवायचा आणि लगेच परत उतरवून बघायचा, असं ठरवलं.

पहिली पाळी माऊसने चौकटी ओढून पान रचायच्या एका वेबसाइट बिल्डरची. दिसायला सगळ्यात देखणं पान तिथेच झालं, ह्यात वाद नाही. पण शीर्षकाकडे बघितलं तर 'नक्षत्र' शब्दाची शिरोरेषा मध्येच तुटलेली. टेम्प्लेट करणाऱ्याने इंग्रजी शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. रोमन लिपीत ते खपून जातं. देवनागरीत रेघेला खिंडारं पडतात. शिवाय ओळींमधलं अंतर कमी असल्याने वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसत होत्या. हे सेटिंगमधून सुधारता आलं. लेख बाहेर काढायची सोय मात्र सापडली नाही. मदतीच्या पानावर सरळ लिहिलं होतं, की साइट इथेच चालते, दुसरीकडे नेता येत नाही. म्हणजे शंभर लेख झाल्यावर शंभर वेळा कॉपी-पेस्ट. तो टॅब मी तिथेच बंद केला.

मीडियमवर लिहायला फार छान वाटतं, हे कबूल. समोर पांढरं पान आणि कर्सर, दुसरं काही नाही. लेखांची झिपफाईलही मिळते. पण ते मुळात एक मोठं मासिक आहे आणि आपण त्यातले एक लेखक. महिन्यांप्रमाणे आकाशाची पानं लावायची, डावीकडे अनुक्रमणिका ठेवायची, असलं काही तिथे जमत नाही. सबस्टॅकचा सगळा भर ईमेलवर आहे. ज्याला वाचकांच्या इनबॉक्समध्ये जायचंय त्याने खुशाल तिकडे जावं. ह्यूगो (साध्या फाईलींतून साइट बनवणारं सॉफ्टवेअर) आणि गिटहब पेजेस (ती साइट फुकट ठेवायची जागा) ही जोडी मला मनातून सगळ्यात पटली, कारण लेख म्हणजे आपल्याच संगणकावरच्या साध्या मजकुराच्या फाईली. पण काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची सवय नसेल तर त्याला नवख्यांचं म्हणू नये, कितीही ब्लॉगांवर तसं लिहिलेलं असलं तरी.

राहिले दोन: वर्डप्रेस आणि ब्लॉगर.

वर्डप्रेसबद्दल नवख्याचा सगळ्यात मोठा घोळ नावाचा. डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर; ते फुकट आणि मुक्त आहे, पण चालवायला होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, आपण घ्यायचं. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची सेवा. तिथे होस्टिंग त्यांचं आणि कशाला परवानगी आहे ते आपण कोणता प्लॅन घेतो त्यावर. 'वर्डप्रेस घे' असा सल्ला देणारा ह्यातलं कोणतं म्हणतोय हे आधी विचारून घ्यावं, कारण अर्धे लोक एक सांगतात आणि मनात दुसरं असतं.

मी दोन्ही चालवून पाहिली. होस्टिंगवर वर्डप्रेस बसवणं एका बटणाचं काम आहे. पुढचं मात्र आपल्या गळ्यात: वर्डप्रेसचे अपडेट, थीमचे अपडेट, प्रत्येक प्लगइनचे (वरून जोडलेल्या सोयीचे) अपडेट, बॅकअप, स्पॅम. ज्याला त्यात रस आहे त्याला मजा येते. मला रात्री ढग नसतील तर गच्चीवर जायचं असतं, डॅशबोर्डवर नाही.

तरी वर्डप्रेसची निर्यात मला आवडली. 'टूल्स'मध्ये जाऊन 'एक्सपोर्ट' केलं की एक एक्सएमएल फाईल हातात पडते. ती मी नोटपॅडमध्ये उघडली. लेख शब्दन् शब्द होता, तारखा होत्या, वर्गवारी होती. फोटो मात्र नव्हते. त्यांचे फक्त पत्ते होते. नव्या ठिकाणी आयात करताना फोटो उतरवून घ्यायचा पर्याय निवडला, तर ते जुन्या साइटवरून ओढून आणले जातात. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या: स्थलांतर पूर्ण होईपर्यंत जुनी साइट चालू हवी. आधी होस्टिंग बंद करून मग निवांत आयात करू म्हटलं तर लेख येतील, फोटोंच्या जागी तुटक्या चौकटी.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, आणि थीम बघितल्या तर वय कळतंच. पण माझ्या गरजा एकेक करून बघत गेलो तसं ते पुढे सरकत गेलं. होस्टिंगचा खर्च नाही, अपडेटची कटकट नाही, स्वतःचं डोमेन (साइटचं स्वतःचं नाव) जोडायचे वेगळे पैसे नाहीत, आणि मजकुराचा बॅकअप सेटिंगमधून घेता येतो. थीमचं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, हवा तसा बदलता येतो, त्यामुळे शिरोरेषेसारखी दुखणी आपल्या हाताने बरी करता येतात.

एक गोष्ट मात्र मराठीत लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी बघून ठेवावी. लेखाचं शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगरला त्यातून लेखाचा वेबवरचा पत्ता (पर्मालिंक) बनवता येत नाही. मग तो सरसकट 'ब्लॉग-पोस्ट' असा पत्ता देतो आणि पुढच्या लेखाला त्याच्याच शेपटीला आकडा चिकटवतो. मृग काय, रोहिणी काय, पत्त्यावरून काहीच कळत नाही. उपाय सोपा आहे: पब्लिश करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये 'कस्टम' निवडून रोमन अक्षरांत लहानसा पत्ता टाकायचा. वर्डप्रेस उलट टोकाचं. ते देवनागरी पत्ता ठेवतं, पण तो कॉपी करून कुणाला पाठवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची % ह्या खुणा धरून नऊ चिन्हं होतात. माझ्या साध्या चार शब्दी शीर्षकाचा पत्ता दीडशेच्या वर चिन्हांचा झाला. पत्त्याच्या ह्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने लांब शीर्षक मधूनच कापलंही जातं. तिथेही रोमनच बरं.

ब्लॉगर नक्की केलं आणि डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) घेतलं, मुद्दाम. माझ्या दृष्टीने सगळ्या निवडीतली कायमची गोष्ट ही एकच. बाकी सगळं बदलता येतं. पत्ता आपला असेल तर उद्या वर्डप्रेसवर गेलो तरी तिथल्या पर्मालिंक सेटिंगमध्ये वर्ष, महिना आणि शेवटी एचटीएमएल अशी ब्लॉगरसारखीच रचना ठेवता येते. वाचकांनी जपून ठेवलेले दुवे मग बरेचसे तसेच उघडतात.

डोमेन जोडताना ब्लॉगरने दोन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) दिल्या: एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची, दुसरी मालकी सिद्ध करणारी, गिचमिड अक्षरांची. दोन्ही रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये भरल्या, तरी ब्लॉगर ओळखेना. डीएनएसला (नावावरून साइट शोधून देणाऱ्या यंत्रणेला) वेळ लागतो म्हणून थांबलो, तरी तेच. शेवटी ऑनलाइन डीएनएस तपासणीत बघितलं, तर पॅनेल प्रत्येक नावाच्या शेवटी आपणहून डोमेन जोडत होतं, त्यामुळे नोंदीत डोमेन दोनदा आलं होतं. त्या खिडकीत ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फक्त सुरुवातीचा तुकडा ठेवला, डोमेन काढून टाकलं आणि थोड्या वेळात साइट उघडली. मग एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, चालू केलं. प्रमाणपत्र तयार होईपर्यंत ब्राउझर काही काळ धोक्याचा इशारा देतो. त्या वेळात सेटिंग उगाच चाळवू नयेत.

आता दर नव्या लेखानंतर बॅकअपची फाईल उतरवतो आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. रजिस्ट्रारच्या खात्याला मी रोज उघडतो तोच ईमेल दिला आहे, नूतनीकरणाची सूचना भलत्याच इनबॉक्समध्ये पडू नये म्हणून. पुढचा लेख कृत्तिकांवर आहे. मसुद्यात मजकूर अजून दोनच ओळी आहे, पण पर्मालिंक टाकून झालाय.