जुन्या बुलेटला बॅगा : चार दिवस, 610 किलोमीटर आणि एक वितळलेला रेनकोट

घाटाच्या सातव्या-आठव्या वळणावर मागून धाकट्या भावाचा हॉर्न सुरू झाला. आधी एकदा, मग सलग. मला वाटलं त्याला पुढे जायचंय, म्हणून हात केला. तर तो शेजारी येऊन ओरडला, "दादा, थांब! धूर येतोय!"

जुन्या गाडीवर धूर म्हटलं की पोटात गोळाच येतो. मी आधी इंजिनाकडे पाहिलं. इंजिन बिचारं ठीक होतं. धूर उजव्या बॅगेतून येत होता. बॅग सायलेन्सरवर निवांत टेकली होती, तळाला पंजाएवढं भोक पडलं होतं आणि आत घडी करून ठेवलेला रेनकोट डांबरासारखा चिकटून बसला होता. निघताना बॅग आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं अंतर होतं. मी स्वतः मोजलं होतं.

ते अंतर कसं गेलं हे सांगण्याआधी गाडीबद्दल थोडं. माझी बुलेट 350, 1974 ची, कास्ट आयर्न इंजिनाची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. किकही उजवीकडे आणि सायलेन्सरही उजवीकडे. चेन डावीकडे. बॅगांच्या दृष्टीने सगळी गोष्ट या मांडणीतच आहे. उजव्या बॅगेची भांडणं दोन, सायलेन्सरशी आणि किक मारणाऱ्या पायाशी. डाव्या बॅगेची भांडणंही दोनच, चेनशी आणि चाकाच्या आऱ्यांशी. तुमची गाडी दुसरी असेल तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारा आणि काय कुठल्या बाजूला आहे ते बघा. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर असलेल्या जुन्या जावासारख्या गाडीवर दोन्ही बॅगांना चटका बसण्याची सोय आहे.

मी घेतल्या होत्या सीटवरून टाकायच्या बॅगा, म्हणजे दोन बॅगा आणि त्यांना जोडणारे दोन पट्टे. डाव्या बाजूला साडीगार्ड होतंच, त्यामुळे बॅग चाकात जाण्याचा प्रश्न नव्हता. उजवीकडे मी काहीच बसवलं नाही. डोक्यात असं की तिकडे सायलेन्सर आहे, बॅग चाकापर्यंत पोचणारच नाही. बॅग सायलेन्सरपर्यंत मात्र आरामात पोचेल, हा विचार शिवलाच नाही.

पहिल्या दिवशी 190 किलोमीटर सपाट रस्ता होता. दुपारनंतर पाऊस लागला. नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर थोडं ताणतं. त्यात पट्टे शिडीच्या बकलाचे, म्हणजे ओढला की घट्ट आणि उचलला की सैल होणारे. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर ते बकल दिवसभर थोडंथोडं उचलत राहिली. पट्टा असा थोडाथोडा सरकत राहिला तरी दुसऱ्या दिवशी घाटापर्यंत चार बोटांचं अंतर संपतं. मुक्कामावर मी बॅगा काढल्या नाहीत आणि सकाळी पट्टे तपासले नाहीत. दोष देण्यासारखं दुसरं कोणी सापडलं नाही.

कापडाबद्दल एक गोष्ट आधी माहीत असायला हवी होती. स्वस्त पट्टे बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलिनचे असतात आणि ते 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. नायलॉन 220 च्या आसपास, पॉलिएस्टर 250 च्या पुढे. पण वितळायच्या बरंच आधी ही सगळी कापडं मऊ पडतात, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तासभर घाट चढणाऱ्या गाडीचा सायलेन्सर त्यांच्यासाठी पुरेसा तापतो. कॅनव्हास आणि चामडं वितळत नाही, ते करपतं. करपलेलं निदान क्रोमला चिकटत नाही. पुढच्या वेळी मी कॅनव्हासच घेणार आहे, पाणी लागू नये म्हणून आत वेगळी पिशवी घालीन.

तिथे घाटात केलेली डागडुजी अशी. उजवी बॅग रिकामी करून सीटवर आडवी बांधली. राहिलेले पट्टे बकलातून उलटे फिरवून परत ओवले, म्हणजे पट्टा स्वतःवरच दाबला जातो, आणि पट्ट्याच्या मोकळ्या शेपटाला गाठ मारली. ही गाठ फार महत्त्वाची. पट्टा सरकलाच तर ती बकलात अडकते. शिवाय लोंबणारं शेपूट चेनमध्ये जात नाही. डावीकडचं एक शेपूट तसं चेनकव्हरच्या कडेला घासून दशा-दशा झालेलं त्याच वेळी दिसलं. बॅग जळाली नसती तर हे दिसलंही नसतं, आणि मग काय झालं असतं याचा विचार मी अजून टाळतो.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावी वेल्डरकडून उजव्या बाजूला स्टे, म्हणजे बॅग सायलेन्सरपासून दूर धरणारा आधार, करून घेतला. आठ मिलीमीटरची सळई इंग्रजी यू आकारात वाकवलेली, वरचं टोक मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टला आणि खालचं मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला. सळई पूर्ण गाडीपासून बाजूला नेऊन वेल्ड केली. जुन्या गाडीच्या चॅसीला वेल्डिंग लावू देऊ नका, कोणी कितीही "दोन टाके तर मारायचेत" म्हणालं तरी. पाइप पातळ असतो, आतून गंजलेला असू शकतो, आणि तडा पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. बोल्ट नसेल तिथे यू क्लॅम्प वापरा आणि क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. रंग वाचतो, क्लॅम्प फिरत नाही आणि थरथरही थोडी खाल्ली जाते. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले आणि थरथरीने सैल न होणारे घ्या. साधे नट बुलेटवर दोनशे किलोमीटरही टिकत नाहीत, हे माझं मत आहे आणि पाना हातात धरलेल्या कोणालाही विचारा.

स्टेची खालची बाजू स्विंग आर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला, कधीही जोडायची नाही. तो चाकाबरोबर वर-खाली होतो, वरचं टोक मात्र चॅसीबरोबर स्थिर राहतं. बॅग किंवा सळई दोन्हीपैकी एक तुटणारच. सगळं बांधून झालं की दोन जड माणसं गाडीवर बसवा, त्यांना उड्या मारायला लावा आणि तिसऱ्याने खाली बसून बॅग, सायलेन्सर, चेन यांच्यातलं अंतर बघावं. आम्ही घरी हे केलंच नव्हतं. बॅगा रिकाम्या असताना लावून बघितल्या, फोटो काढला आणि खूश झालो.

सायलेन्सरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पत्राही बसवला. बॅगेला थेट चिकटवलेल्या पत्र्याचा उपयोग नाही, तो स्वतः तापून बॅग भाजतो. पत्रा आणि बॅग यांच्यामध्ये बोटभर हवा खेळली पाहिजे, म्हणून बोल्टवर वायसरांची चळत लावून तो स्टेपासून दूर धरला.

आता किक. बॅगेची पुढची कड थोडी जरी पुढे आली तरी किक मारताना टाच तिला अडते, पाय निसटतो आणि किकचा दांडा परत येऊन नडगीवर बसतो. बॅग मागे सरकवावी तर वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे जातं. हिशोब सोपा आहे. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण 1370 मिलीमीटर. अ‍ॅक्सलच्या मागे 300 मिलीमीटरवर 10 किलो ठेवलं तर पुढच्या चाकावरचं दोन किलोहून थोडं अधिक वजन उचललं जातं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ओल्या रस्त्यावर हँडल हलकं लागायला लागलं की ते दोन किलो आठवतात. म्हणून बॅगेच्या आत जड सामान पुढच्या खालच्या कोपऱ्यात आणि कपडे मागे-वर. दोन्ही बॅगा ताणकाट्यावर तोलून घ्या. माझ्या आठ-आठ किलोच्या होत्या, सीटवर सात, टाकीवर तीन.

टाकीवरच्या बॅगेबद्दल भावाशी माझं दोन दिवस वाजलं. त्याच्या नव्या गाडीची टाकी प्लास्टिकच्या आवरणाची, तिला पट्टे लागतात. माझी टाकी लोखंडाची, चुंबक मस्त धरतात. पण चुंबकाखाली धुळीचा एक कण गेला तरी थरथरीने तो रंग खरवडतो, आणि जुना रंग परत तसा मिळत नाही. रोज सकाळी टाकी पुसून, खाली मऊ कापड घालून मगच बॅग ठेवली. दुसरी अडचण बुलेटवाल्यांनाच कळेल. किक मारण्याआधी हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला का ते बघायचं, मग डिकॉम्प्रेशन (सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारा खटका) दाबून पिस्टन जरासा पुढे ढकलायचा आणि मग पूर्ण किक. उंच बॅग असली की तो काटाच दिसत नाही. मी पहिल्या दिवशी मान वाकडी करून किक मारत होतो. बसकी बॅग घ्या, एवढंच.

तिसरा दिवस समुद्राच्या कडेने, फार सुंदर, आणि त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. फक्त संध्याकाळचं सांगतो. समोरून येणारा प्रत्येकजण मला डिपर मारत होता. सामानाने गाडी मागून बसली होती आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. सामान चढवल्यावर हेडलाइट खाली करा. मागच्या टायरमध्ये डबलसीटसाठी सांगितलेली हवा भरा. चेनचा ढिलेपणा सामानासकट तपासा, कारण स्विंग आर्म वर जाताना चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भरल्या गाडीवर खड्ड्यात तारेसारखी ताठ होते. ड्रम ब्रेक वाढलेलं वजन निमूटपणे सोसतात आणि उतारावर सूड घेतात, तेव्हा ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा.

चौथ्या दिवशी परतताना गाडी बंद पडली. हॉर्न नाही, स्पार्क नाही. बॅटरीची वायर सैल झाली असणार हे दोघांनाही लगेच कळलं. पण बॅटरीची पेटी नेमकी बॅगेच्या मागे, आणि पाने सीटवरच्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी. तीन मिनिटांचं काम, सामान सोडायला आणि बांधायला पाऊण तास. भाऊ रस्त्याच्या कडेला माझी पँट हातात धरून उभा होता आणि जाणारे-येणारे बघत होते.

त्यामुळे नव्या गाडीवाल्यांचे सामानाचे सल्ले जुन्या गाडीला लागू करू नका. त्यांचे पाने ट्रिपभर बाहेर येत नाहीत, आपले रोज येतात. पाने, प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट घासायचा कागद, चेनची जोडकडी, ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि बाइंडिंग तार हे सगळं डाव्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, एका गुंडाळीत. क्लचची जादा केबल बॅगेत ठेवूच नका. चालू केबलच्या शेजारून ओवून दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवा, तुटली की टोकं बदलायची आणि निघायचं. पेटीचं झाकण बॅग न सोडता उघडतं का, हे घरी बघा.

एक राहिलं. सायलेन्सरवर वितळलेलं प्लास्टिक काढायला इंजिन थोडा वेळ चालवायचं, प्लास्टिक मऊ झालं की इंजिन बंद करून लाकडी पट्टीने खरवडायचं. स्क्रू ड्रायव्हर लावलात तर क्रोमही निघेल. माझं बरंचसं निघालं. तळहाताएवढा काळा डाग उरलाय, आणि भाऊ घरी आला की आधी तोच बघायला जातो.