काच ओली आहे तोवर

अमेरिकन यादवी युद्धातले रेल्वेचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठ्या आकारात उतरवून घ्यायचे आणि झूम करत बसायचं, हा माझा जुना नाद. त्यातही कॅप्टन अँड्र्यू रसेलचे फोटो खास. पूल कसे उभारायचे, शत्रूचे रूळ कसे वाकवून निकामी करायचे, हे अधिकाऱ्यांना दाखवता यावं म्हणून उत्तरेच्या लष्करी रेल्वेचा साहेब हर्मन हॉप्टने १८६३ मध्ये त्याला आपल्या रेल्वेवर घेतलं. त्याच्या फोटोंत इंजिनाचा रिवेट न् रिवेट दिसतो, पण धावती गाडी मला कधी सापडली नाही. त्याचं कारण वाचून ठाऊक होतं: तेव्हा एका फोटोला काही सेकंद लागत, आणि तेवढ्यात जे हलेल ते पुसट येई. तरी एकदा हाताने करून बघावं म्हणून इथे व्हर्जिनियातच वेट प्लेटच्या, म्हणजे ओल्या काचेवर फोटो काढायच्या त्या काळच्या पद्धतीच्या, कार्यशाळेत नाव घातलं.

काच घासण्यातच निम्मा जीव जातो. बोटाचा ठसा राहिला तर तोही फोटोत येतो. मग कोलोडियन, म्हणजे ईथर घातलेलं चिकट द्रावण. घावनाचं पीठ तव्यावर फिरवावं तसं ते चारी कोपऱ्यांत न्यायचं आणि उरलेलं बाटलीत परत. ईथरच्या वासाने डोकं जड होतं. लाल उजेडात काच तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवली, बाहेर काढली, की पळापळ. दहा-पंधरा मिनिटांत, ती सुकायच्या आत, फोटो काढून डेव्हलपही करायचा. रसेलला हे सगळं आघाडीजवळ करावं लागे!

समोर एका हेरिटेज रेल्वेचं वाफ धरलेलं इंजिन. लेन्सचं झाकण काढून आठपर्यंत मोजलं. हलू नये म्हणून फायरमनकाकांनी डोकं कॅबला टेकवून ठेवलं होतं. रसेलच्या फोटोंतली माणसं दांडीला, दाराला रेलून का असतात ते तेव्हा कळलं; मी तो आजवर रुबाब समजत होतो.

हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणात, काचेवरचा दुधी पापुद्रा विरघळत गेला आणि इंजिन वर आलं. वाफेचा नुसता पांढरा फराटा. लाल पाटी काळी ठिक्कर, निळं आकाश कोरं, कारण कोलोडियनला निळं दिसतं, लाल नाही. युद्धाच्या धामधुमीत एवढ्यासाठी इंजिन थांबवून ठेवायचं, तर रेल्वेचा साहेबच पाठीशी हवा. रसेलचं निम्मं काम हॉप्टने केलं, असं माझं मत.

कुणाला जायचं असेल तर जुने कपडे घाला आणि हातमोजे काढू नका. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग साबणाने जात नाहीत, आणि ऑफिसात प्रत्येकाला खुलासा देत बसावं लागतं.