दाखलखारीज रजिस्टरमधले बाबा

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही चार मित्र मूर्तिजापूरहून चिखलदऱ्याला निघालो होतो. दर्यापूरच्या अलीकडे एका फाट्यावर मी गाडी वळवायला लावली, कारण तेथून चार किलोमीटरवर माझ्या वडिलांची प्राथमिक शाळा आहे. मित्रांना घाटातले धुके गाठायचे होते, त्यामुळे अर्ध्या तासाच्या बोलीवरच परवानगी मिळाली.

सकाळची शाळा सुटत आली होती. व्हरांड्यातील हातपंपाचे पाणी आमच्यातल्या एका पुणेकराने ओंजळीने तोंडात घेतले आणि तसेच थुंकले. पोरे खदखदून हसली. पूर्णेच्या दोन्ही काठांवरचा हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. सारी शेती पावसाच्या भरवशावर.

मुख्याध्यापिका मॅडमनी आधी दाखला हवा आहे का, असे विचारले. नुसते पाहायला आलो आहोत, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग लाल कापडात बांधलेले दाखलखारीज रजिस्टर त्यांनी स्वतः सोडले. मुखपृष्ठावरील ‘जनपद सभा’ ही अक्षरे खोडून शाईने ‘जि. प.’ असे लिहिले होते, कारण १ मे १९६२ रोजी जुन्या जनपद सभांच्या जागी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि बहुधा नवे रजिस्टर कोणी दिले नसावे. बाबांचे नाव १९५८च्या पानावर सापडले. जन्मतारीख १ जुलै १९५२. त्या पानावरील चौदापैकी नऊ मुले १ जुलैलाच जन्मलेली होती. गुरुजींनी सहा वर्षे पुरी करून दिली होती, इतकेच.

शेवटच्या रकान्यापाशी मात्र मी थांबलो. ‘डिसेंबर १९६२. सततची गैरहजेरी. नाव कमी केले.’ पुढे जुलै १९६३ मध्ये तेच नाव नव्या क्रमांकाने पुन्हा पाचवीत. एकही दिवस शाळा बुडवली नाही, असे ऐकवून ज्यांनी आम्हा भावंडांना तापातही शाळेत धाडले, त्यांचे अख्खे वर्ष गेले होते. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. वर्षाचे एकच पीक हाती यायचे असेल, तर दहा वर्षांच्या मुलाचेही हात लागतात, हे मला तो रकाना वाचेपर्यंत सुचले नव्हते.

गावाबाहेर शकुंतलेचे रूळ लागतात. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अडीच फुटी रेल्वे कापूस वाहून नेण्यासाठीच इंग्रजांच्या काळात टाकली गेली. आता रुळांत बाभळी उगवल्या आहेत. तेथे गाडी थांबवून मी बाबांना फोन लावला आणि त्या डिसेंबरविषयी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“त्या साली कापूस लय फुटला होता,” ते म्हणाले, आणि लगेच, “पाणी खारंच हाये का अजून?”

पुणेकर मित्र अजूनही बाटलीतल्या पाण्याने चूळ भरत होता. मी होय म्हणालो.